‘अपराजितो’ पाहिलात, पण कुठला?

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मध्ये (१९५६) बनारसच्या घराचं एक अंगण आहे. हरिहर, सर्वजया आणि छोटा अपू तिथं राहतात. जुन्या वाड्याच्या चौकात वरून जसा उजेड उतरतो, तसाच इथं उतरतो. मऊ, पसरलेला, कुठंही ठळक सावली न पाडणारा. प्रत्यक्षात ते अंगण म्हणजे स्टुडिओतला सेट आहे. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे माणसांवर न रोखता त्या कापडावर मारले. तिथून परतलेला उजेड आभाळाच्या उजेडासारखा खाली आला. ‘बाऊन्स लाइट’ हा शब्द आज कुठल्याही शूटिंगवर ऐकू येतो. आपल्याकडे त्याची गोष्ट सांगताना या अंगणाचं नाव हमखास निघतं.

हे सगळं मी आधी वाचलं आणि मग सिनेमा पाहिला, व्हीसीडीवर. तो उजेड त्यात नव्हताच. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, म्हणजे आजच्या फोनच्या स्क्रीनच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं. त्यात भिंत, साडी, चेहरा सगळं एकाच करड्या रंगात बुडालेलं. मला गोष्ट कळली, पण सिनेमा दिसला नाही.

म्हणून अभिजात सिनेमांच्या डिस्क जमवणं हा मला निव्वळ नॉस्टॅल्जिया वाटत नाही. कपाटात ओळीनं लावलेल्या खोक्यांचे फोटो बघून मलाही कंटाळा येतो. स्ट्रीमिंगवरचा सिनेमा उद्या गायब होईल, डिस्क आपली राहील, हा युक्तिवाद खरा आहे, पण अपुरा. माझ्या मते मुद्दा मालकीचा नाही, पाठाचा आहे. चांगली डिस्क ही त्या सिनेमाची संपादित आवृत्ती असते. हे चित्र कुठल्या निगेटिव्हवरून आलं, कुणी दुरुस्त केलं, कुठं काय शिल्लक नव्हतं, याचा हिशोब ती देते.

अपू त्रयीचा हिशोब तर थरारक आहे. १९९२ साली राय यांना मानद ऑस्कर मिळालं, तेव्हा त्यांच्या सिनेमांच्या प्रिंट किती वाईट अवस्थेत आहेत हे अकादमीच्या लक्षात आलं. पुढं मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये पोचल्या आणि जुलै १९९३मध्ये तिथं आग लागली. जळके, वितळलेले, एकमेकांना चिकटलेले तुकडे उरले. अकादमीनं ते फेकले नाहीत, जपून ठेवले. वीसेक वर्षांनी अकादमी आणि क्रायटेरियन कंपनी यांनी ते इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत नेले. तिथं वाळून ठिसूळ झालेली फिल्म रसायनांनी पुन्हा मऊ केली गेली, कडेची फाटकी भोकं हातानं सांधली गेली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग थेट त्या जळक्या निगेटिव्हवरून परत मिळाला. बाकीचा भाग इतर प्रतींवरून घेतला. ‘अपूर संसार’ची मूळ निगेटिव्ह मात्र वापरण्याजोगी उरली नव्हती.

२०१५ साली ही त्रयी ब्लू-रेवर आली. तिच्यात बनारसच्या अंगणातला उजेड आहे. भिंतीचा खडबडीतपणा आहे, करड्या रंगाच्या कितीतरी छटा आहेत. ‘पथेर पांचाली’त आगगाडी जाते तेव्हा काशफुलांचं पांढरं रान आणि वरचा काळा धूर वेगवेगळे दिसतात. हे सौंदर्याचे फालतू लाड नव्हेत. राय यांच्याकडं गरिबी संवादांतून सांगितली जात नाही, ती भांड्यांवर, भिंतींवर, चेहऱ्यांवर दिसते. तीच दिसत नसेल तर आपण समीक्षा कशाची करतो?

पण आवृत्ती म्हटली की संपादक आला आणि त्याच्याशी भांडणही आलं. वाँग कार-वाय यांच्या सिनेमांचा क्रायटेरियननं काढलेला संच २०२१मध्ये आला. त्यासाठी दिग्दर्शकानं स्वतःच ‘फॉलन एंजल्स’ (१९९५) या सिनेमाची चौकट बदलून अधिक रुंद केली. इतर सिनेमांचे रंगही बदलले. म्हणजे थेटरात लोकांनी पाहिलेला सिनेमा नव्या संचात नाही. त्याची साक्ष द्यायला उरतात त्या जुन्या डिस्क. दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा मानायचा की पहिल्या प्रेक्षकानं पाहिलेलं खरं? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. मात्र दोन्ही प्रती समोर असतील तरच हा वाद घालता येतो, आणि संग्राहकाचा खरा उपयोग इथं होतो.

मराठी वाचकाला हे नवं नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशेहून अधिक वर्षांनी राजवाड्यांनी वेगळी जुनी पोथी पुढं आणली, आणि कुठला पाठ खरा यावर विद्वान भांडत राहिले. ओवीच्या एका शब्दासाठी आपण हे केलं. सिनेमाच्या बाबतीत मात्र ‘यूट्यूबवर आहे ना’ एवढ्यावर समाधान मानतो.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला हा सिनेमा. त्यातली गौरींची जिजाई हातात वहाण घेऊन पांडुरंगावर चालून जाते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग किती आणि आजारी पोराची काळजी किती, हे ठरतं ते प्रतीवर. २००३च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या, त्यांत प्रभातचेही सिनेमे होते. आपल्या फोनवर येणारी ‘तुकाराम’ची प्रत कुठल्या रिळावरून आली, हे तिच्याखाली क्वचितच लिहिलेलं असतं.

डिस्क हाच एकमेव उपाय, असं म्हणण्यात अर्थ नाही. क्रायटेरियनच्या ब्लू-रे महाग असतात, शिवाय त्यांना बहुधा अमेरिकेचं रीजन कुलूप असतं, त्यामुळे आपल्याकडचा साधा प्लेअर त्या उघडतही नाही. मोझर बेअरनं एके काळी २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून सिनेमा घरोघर पोचवला, ते मोलाचंच होतं. पण पोचवणं आणि संपादन करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं आपल्याकडं जवळजवळ झालंच नाही. ते डिस्कवर होवो की फाइलवर, त्याच्या पहिल्या पानावर एवढं तरी असावं: मूळ काय होतं, किती उरलं, आणि जे उरलं नाही त्याच्या जागी आम्ही काय वापरलं.