काल्पनिक बंडखोर आणि प्रेक्षकाचा पक्षपात

रंगभूमीवरील अथवा चित्रपटातील बंडखोराचा पक्ष घेताना प्रेक्षकाला वस्तुतः काहीही गमवावे लागत नाही. आणि तरीही हा पक्ष तो विलक्षण निष्ठेने धरून ठेवतो. विज्ञानकथेच्या क्षेत्रात ही निष्ठा विशेष ठळकपणे दिसते. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटात एका बलाढ्य साम्राज्याविरुद्ध झगडणारे मूठभर बंडखोर आहेत. त्यांचे बोधचिन्ह अंगावर मिरविणारे रसिक जगभर आजही आढळतात. या साम्राज्याच्या कल्पनेमागे व्हिएतनामचे युद्ध होते, असे लुकास यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. म्हणजे बंडखोरांसाठी टाळ्या वाजविणाऱ्या अमेरिकन प्रेक्षकाला, आपण या लढ्यात नेमके कोणत्या बाजूस उभे आहोत, असा प्रश्न पडावयास हवा होता. तो सहसा पडला नाही. साम्राज्याचे सैनिक मुखवट्याआड आहेत, आणि मुखवट्यात स्वतःचा चेहरा ओळखण्याची सक्ती कोणावरही नसते.

परंतु एवढ्यावरून ही निष्ठा पोकळ ठरविणे घाईचे होईल. सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीतील व तिच्यावरील चित्रपटांतील तीन बोटे उंचावून केलेला अभिवादनाचा संकेत २०१४ साली थायलंडमध्ये लष्करी उठावाच्या विरोधकांनी उचलला, आणि त्यासाठी लोकांना ताब्यात घेतले गेले. २०२१ साली म्यानमारमध्येही तोच संकेत रस्त्यावर दिसला. एका करमणूकप्रधान कथेतील खूण बँकॉकच्या विद्यार्थ्याला अटकेपर्यंत नेते, तेव्हा त्या खुणेत तेवढे बळ मुळात होते काय? ते कथेत नव्हते. ते त्या विद्यार्थ्याने आपल्या परिस्थितीतून तिच्यात ओतले. काल्पनिक बंडखोराचे ध्येय हे पुष्कळ अंशी रिकामे पात्र असते, आणि प्रेक्षक त्यात स्वतःचे काय घालतो यावर त्याच्या निष्ठेची किंमत ठरते.

मराठी रंगभूमीला हा अनुभव नवा नाही. ‘केसरी’च्या संपादनात टिळकांचे सहकारी असलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. त्यात विराटनगरी आहे, सैरंध्री आहे, भीम आहे. कर्झनचे नाव कोठेही नाही. ते प्रेक्षकाने आणले. भीमात जहाल पक्ष आणि युधिष्ठिरात मवाळ पक्ष त्यानेच पाहिला, अर्थात लेखकाला ते अभिप्रेत होतेच. १९१० साली सरकारने या नाटकावर बंदी घातली. आणि गंमत अशी की, या बंदीनेच प्रेक्षकाचा अर्थ अधिकृतपणे मान्य केला. तथापि एक उणीव येथेही राहते. कीचक हा आरंभापासूनच वध्य आहे. त्याच्याविरुद्ध भीमाचा पक्ष घेण्यास धैर्य लागेल ते नाट्यगृहाबाहेर. नाट्यगृहात मन यत्किंचितही द्विधा होत नाही.

मन द्विधा करणारा बंडखोर पाहावयाचा असेल, तर भवभूतीकडे जावे लागते. आपल्या प्रस्तावनेत भवभूतीने उल्लेखिलेले पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. दिवाळीनंतरच्या मंडईपासून जेथे रात्र-रात्र झाडीपट्टीची नाटके रंगतात, त्याच मुलखाशी हा नाटककार जोडला जावा, हा योग सुखद आहे.

‘उत्तररामचरिता’तील लव हा बंडखोर आहे, हे सहसा म्हटले जात नाही, वत्सल रसाच्या वर्णनात ते झाकून जाते. रामाच्या पराक्रमाची द्वाही फिरविणाऱ्या रक्षकांचे शब्द त्याला अपमानास्पद वाटतात आणि तो यज्ञाचा अश्व अडवितो. पाचव्या अंकात तो याहूनही पुढे जातो. वडीलधाऱ्यांच्या चरित्राची चिकित्सा करू नये, असे उपरोधाने म्हणत तो ताटकेचा वध, खराशी लढताना घेतलेली माघार आणि वालीची हत्या यांवर बोट ठेवतो. ज्या राजासाठी प्रेक्षकाने तिसऱ्या अंकात डोळे पुसले, त्याच राजाविरुद्ध आता या मुलाचे म्हणणे त्याला पटू लागते. येथे मुखवटा नाही. शत्रू प्रिय आहे, आणि चंद्रकेतूसारखा प्रतिस्पर्धीही लवावर लोभ करणारा आहे.

या बंडाचे खरे कारण लवाला ठाऊक नाही, ही यातली सर्वांत मार्मिक गोष्ट. सीतेच्या त्यागाची कथा त्याने वाल्मीकींच्या काव्यातून ऐकली आहे. पण ती आपली माता, हे तो जाणत नाही. अश्वापुरत्या भांडणाला सीतेवरील अन्यायाचे वजन प्रेक्षक देतो.

अभिनवगुप्ताच्या मते स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे हे रसास्वादातील एक विघ्न होय. ही कसोटी लावली, तर पक्षपाती प्रेक्षक हा अपुरा प्रेक्षक ठरतो. सिद्धांत म्हणून हे मत भक्कम आहे. परंतु भवभूतीने सातव्या अंकात नेमका असाच एक प्रेक्षक रंगविला आहे. वाल्मीकींनी रचिलेल्या गर्भनाटकात सीतेचे दुःख पाहताना राम उठू लागतो, आक्रोश करतो, आणि हे नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाला त्याला करून द्यावी लागते. राम रसिक म्हणून अयशस्वी होतो. पण तो तसा झाला नसता, तर त्या प्रयोगाचे प्रयोजनच उरले नसते. त्याच प्रेक्षकवर्गात नगरजनही बसले आहेत, ज्यांच्या अपवादामुळे सीता वनात गेली. अरुंधती त्यांना जाब विचारते आणि ते नमस्कार करतात. अन्याय करणाऱ्यालाच त्या अन्यायाच्या नाटकासमोर बसविण्याची ही योजना ना लुकास यांना साधली, ना खाडिलकरांना; कर्झनला ‘कीचकवधा’चे आसन कोणी दिले नव्हते.

यानंतर कुटुंब एकत्र येते आणि नाटक मंगलात संपते. या मंगलाला दोष देण्याचे कारण नाही. लवाने वालीविषयी काढलेला मुद्दा मात्र शेवटपर्यंत कोणीही खोडून काढीत नाही.