बीड आणि सिरॅमिक

दुसरबीडच्या इंटरचेंजवर टोल देऊन एखादी पोर्शे समृद्धी महामार्गावरून खाली उतरली, की पोरं तिच्या इंजिनाचा आवाज ऐकत उभी राहतात. जाणकाराची नजर मात्र चाकाच्या आऱ्यांमधून आत शिरते. आत पिवळा कॅलिपर (चकतीला पॅडनं चिमटणारा भाग) दिसला तर ब्रेकची चकती कार्बन-सिरॅमिकची, लाल दिसला तर बिडाची. काळ्यावर विसंबू नये. हल्ली सिरॅमिकवरही काळा कॅलिपर मागवता येतो. गाडी घेताना या पिवळ्या रंगासाठी काही लाख जास्तीचे मोजावे लागतात. त्या पैशात नेमकं काय मिळतं, हे मात्र घेणाऱ्यांतले बरेच जण चुकीचं सांगतात.

ते म्हणतात, गाडी लवकर थांबते. हिशेब करून पाहू. समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सोळाशे किलोची गाडी त्या वेगात सुमारे नऊ लाख जूल ऊर्जा घेऊन धावत असते. ब्रेक कचकन दाबला तर साडेतीन सेकंदांच्या आत, पन्नास-साठ मीटरमध्ये ती उभी राहते. म्हणजे ब्रेक तेवढा वेळ साडेतीनशे अश्वशक्तीचं काम करतात. आकडा दांडगा वाटतो. पण चारही चकत्यांत मिळून चाळीस किलो बीड धरलं, तर या एका थांबण्यानं त्यांचं तापमान जेमतेम पन्नास अंशांनी वाढतं. बिडाला ते जाणवतही नाही. आणि गाडी किती मीटरमध्ये थांबणार, हे ठरवतो टायर. दोन्ही ब्रेक चाक अडकवण्याइतके समर्थ असतात; त्यापुढे एबीएस आणि रबराची पकड. वैशाखातल्या तापलेल्या काँक्रीटवर जुनं, हवा कमी असलेलं टायर असेल, तर पिवळा कॅलिपर काहीही वाचवू शकत नाही.

मग बिडाकडे जरा आदरानं पाहावं. बिडाचा तवा उशिरा तापतो आणि उष्णता धरून ठेवतो, हे घरोघरी ठाऊक आहे. चकतीतही तोच गुण कामी येतो. या करड्या बिडात ग्रॅफाइटचे सूक्ष्म पापुद्रे विखुरलेले असतात. ते उष्णता घर्षणाच्या पृष्ठभागावरून झटकन आत वाहून नेतात आणि कंप गिळतात. पोलादी चकती जिथं किंचाळली असती, तिथं बीड गप्प राहतं. खरी कारागिरी मात्र दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत दडलेली असते. चांगल्या चकतीत तिथं वाकड्या पट्ट्या ओतलेल्या असतात. चकती फिरते तशी हवा मध्यातून ओढली जाते आणि कडेनं बाहेर फेकली जाते. या पट्ट्यांचा कल फिरण्याच्या उलट दिशेला असावा लागतो, म्हणून डाव्या चाकाची चकती वेगळी आणि उजव्याची वेगळी. वरची भोकं किंवा खाचा पाहून डावं-उजवं ठरवणारा फसतो. कडेला डोळा लावून पट्ट्या पाहाव्या लागतात. स्वस्तात मिळणाऱ्या धातूतून ओतकामाच्या एका सुबक वळणानं इतकं काम काढून घ्यावं, याला दाद द्यायलाच हवी.

सिरॅमिक चकतीचा जन्म अगदी वेगळ्या रीतीचा. कार्बनच्या धाग्यांचे बारीक तुकडे आणि राळ एकत्र करून साच्यात दाबतात. मग प्राणवायू न लागू देता भट्टीत भाजतात. राळेचा कोळसा होतो आणि चकती सच्छिद्र बनते. त्या छिद्रांत वितळलेलं सिलिकॉन मुरवतात. सिलिकॉन वितळतं १४१४ अंश सेल्सिअसला, त्यामुळे भट्टी त्याहून तापलेली लागते. आत मुरताना ते कार्बनशी संयोग पावून सिलिकॉन कार्बाइड होतं, म्हणजे धार लावायच्या दगडात वापरतात तो कठीण पदार्थ. धागे मात्र शाबूत राहतात, म्हणून एरवी ठिसूळ असणारं हे द्रव्य धक्का सोसतं. नीट पाहिलं तर चकतीच्या काळपट करड्या अंगावर त्या धाग्यांचे ठिपके-रेघोट्या दिसतात, आणि प्रत्येक चकतीवरची नक्षी वेगळी. पावसात धुतलेली गाडी रात्रभर उभी राहिली की बिडावर सकाळी तांबूस गंज चढतो, पहिल्या ब्रेकला तो पुसला जातो. या चकतीवर तो डाग कधीच येत नाही.

फॉर्म्युला वनच्या गाडीतला ब्रेक म्हणजे हाच, असा एक गैरसमज आहे. तिथं निव्वळ कार्बन असतो. थंड असताना तो पकडतच नाही. रस्त्यावरच्या सिरॅमिकची खुबी अशी, की दुसरबीडच्या चौकात सकाळी पहिल्यांदा पाय ठेवला तरी पेडल ठाम लागतं, आणि चकती लालबुंद झाली तरी ठामच राहतं. बीड फार तापलं की किंचित छत्रीसारखा आकार घेतं. सिरॅमिक उष्णतेनं फारसं फुगत नाही, त्यामुळे पॅड सगळीकडे सारखा टेकतो.

पण सिरॅमिक चकतीचा खरा रस ब्रेक न दाबता चाखायचा असतो. २०१९च्या पोर्शे ९११ कॅरेरा एसमध्ये पुढची बिडाची चकती ३५० मिलिमीटरची होती, सिरॅमिकची ४१०ची. वजनानं निम्मी असल्यानं उष्णता सामावायला तिला मोठा घेर लागतो. तरीही चारही चाकांत मिळून साधारण वीसेक किलो कमी होतात, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं. गाडीच्या टपावरून वीस किलो काढले तर कळणारही नाही. चाकातून काढले तर समृद्धीच्या काँक्रीटचा प्रत्येक सांधा वेगळा लागतो. चाक उसळतं कमी, परत टेकतं लवकर, स्टिअरिंग बोटांना हलकं लागतं. सिरॅमिक निवडल्यानं मिळणारं हे सुख जाहिरातीत दिसत नाही, कारण ते छायाचित्रात येत नाही.

आता गंमत पाहा. सिरॅमिक ज्या रेस ट्रॅकसाठी मिरवलं जातं, तिथं नेमाने जाणारे कित्येक मालक ती चकती उतरवून घरी जपून ठेवतात आणि बीड लावतात. ताशी २४० वरून थांबताना उष्णता १२०च्या चौपट, आणि तीही दर फेरीत, पुन्हा पुन्हा. अशा माऱ्यात सिरॅमिक डगमगत नाही, पण आतला कार्बन हळूहळू जळून झिजतो, आणि नवा संच घ्यायचा म्हणजे एखादी छोटी गाडीच घ्यायची. बीड झिजलं तर झिजलं. पोर्शेनं २०१७ साली कायेनसोबत एक मधला मार्गही आणला: बिडाच्या चकतीवर टंगस्टन कार्बाइडचा पातळ थर, वापरानं आरशासारखा चकाकणारा, आणि ब्रेकची धूळ फार कमी पडते म्हणून मुद्दाम पांढरा कॅलिपर. ही ऐट मला पिवळ्यापेक्षा आवडते.

राहता राहिलं पंक्चर. मेहकर-सिंदखेड राजा या जुन्या रस्त्यावर रात्री टायर बसलं, तर पंक्चरवाला पाचही बोल्ट काढतो आणि चाक ओढतो. ओढताना रिमची आतली कड चकतीवर आपटली तर बिडाला ओरखडा, सिरॅमिकचा टवका. म्हणून पोर्शेच्या अशा गाड्यांच्या हत्यारांत बोल्टच्या जागी घालायच्या मार्गदर्शक सळया असतात, चाक त्यांवरून सरळ घसरत बाहेर यावं यासाठी. त्या आधी पंक्चरवाल्याच्या हातात द्याव्यात. नागपूर-मुंबई करणाऱ्या गाडीला मी बीडच घेईन आणि उरलेल्या पैशांतून दर दोन वर्षांनी उत्तम टायर. स्टिअरिंगवरचा तो हलकेपणा एकदा ज्याच्या बोटांना कळला, त्याला मात्र हा सल्ला पटणार नाही, आणि त्याचंही चुकत नाही.