शब्दाचे बंधन : हिब्रू धर्मशास्त्रातील नवस व शपथ यांची परिभाषा

धर्मग्रंथाचे भाषांतर करणाऱ्याची खरी कसोटी त्यातील काव्यात लागते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती कायद्याच्या परिभाषेत अधिक लागते. काव्यातील शब्दाने आपल्या अर्थाच्या कडा थोड्या सैल ठेवल्या तरी चालते. कायद्यातील शब्दाला ती मुभा नसते. बायबलच्या जुन्या करारात मनुष्याने आपल्याच वाणीने स्वतःला बांधून घेण्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांसाठी हिब्रू भाषेने योजलेले शब्द या दृष्टीने मननीय आहेत. मराठी वाचकाला ते मुख्यतः ‘नवस’ आणि ‘शपथ’ या दोन शब्दांतून भेटतात. हे दोन शब्द चुकीचे नाहीत. परंतु मुळातील विचाराचा एक महत्त्वाचा भाग त्यांच्या पलीकडे राहतो, आणि तो भाग ‘शब्द कोणाचा?’ या प्रश्नाशी निगडित आहे.

पहिला शब्द ‘नेदेर’. याकोब घर सोडून निघाला असता वाटेत बेथेल येथे, देवाने आपले रक्षण केले व अन्नवस्त्र दिले तर मिळकतीचा दशमांश त्याला अर्पण करू, असे बोलतो. हन्ना पुत्र मागते आणि झालेला पुत्र देवालाच वाहण्याचे कबूल करते. येथे अट आहे, मागणे आहे आणि फेड आहे. म्हणजे आपण ज्याला नवस बोलणे व नवस फेडणे म्हणतो तोच हा व्यवहार होय. कोकणातील बेने इस्राएल या मराठीभाषी यहुदी समाजात एलियाहू हन्नाबीच्या नावे नवस बोलण्याची आणि तो फेडताना मलिदा करण्याची चाल आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दाची निवड किती स्वाभाविक आहे ते पटते. सामी भाषाकुलातील याच शब्दपरिवारात अरबी ‘नज्र’ येतो, आणि फारसीच्या वाटेने आलेला आपला ‘नजराणा’ हा त्याचाच वंशज. दरबारी भेटीच्या या शब्दाच्या मुळाशी देवापुढे बोललेला शब्द आहे.

दुसरा शब्द ‘शेवुआ’, म्हणजे शपथ. त्याचे हिब्रू मूळ सात या संख्येच्या शब्दाशी जुळते. अब्राहाम आणि अबीमलेख यांच्या करारात सात मेंढ्या बाजूला काढल्या जातात आणि त्या स्थळाला बैर-शेबा हे नाव पडते, त्या कथेत हा श्लेष उघड आहे. नवस देवाला उद्देशून असतो. शपथ बहुधा माणसाला दिली जाते आणि देव तिचा साक्षी असतो. मात्र शपथेला एक काळी बाजू आहे. तिचे नाव ‘आला’, म्हणजे शाप. शब्द मोडल्यास माझे अमुक अनिष्ट होवो, हा भाग तिच्यात गृहीत असतो. येथे मराठी भाषांतरकाराला संस्कृतने अनायासे हात दिला आहे. कारण ‘शपथ’ आणि ‘शाप’ हे दोन्ही ‘शप्’ या एकाच धातूचे. हिब्रूने दोन शब्द जोडून जे सांगितले ते आपल्या एका शब्दाच्या पोटात आधीच दडलेले आहे, पण रोजच्या वापराने आपण ते विसरलो आहोत.

अडचण येते ती तिसऱ्या शब्दापाशी. ‘इस्सार’ हा शब्द ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूपासून आला असून हिब्रू जुन्या करारात तो केवळ ‘गणना’ या ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात आढळतो. त्याचे अरामी भावंड दानिएलाच्या सहाव्या अध्यायात राजाच्या मनाईहुकुमाला लावलेले आहे. राजा प्रजेवर जो हुकूम बजावतो, तो येथे मनुष्य स्वतःवर बजावतो. या अध्यायातील नेदेरही अटीचा सौदा राहत नाही. स्वतःला काही गोष्टी वर्ज्य करणे, देहाला क्लेश देणे, असे त्याचे स्वरूप दिसते. आपल्याकडे याला नवस म्हणत नाहीत, व्रत किंवा नेम म्हणतात. ग्रीक भाषांतरकारांनी नेदेरसाठी प्रार्थना आणि नवस या दोहोंना चालणारा एकच शब्द वापरून हा भेद पुसट केला; मराठीत तो निराळ्या दिशेने पुसला गेला आहे.

या अध्यायाचा आरंभ एका तेजस्वी नियमाने होतो. पुरुषाने दिलेला शब्द मोडू नये, असा त्याचा आशय. पण ‘मोडणे’ यासाठी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ ‘पवित्र वस्तू विटाळणे’ असा आहे. मंदिराला किंवा शब्बाथाला लागणारा शब्द येथे मनुष्याच्या वाणीला लावला आहे. तोंडातून निघालेला शब्द ही जणू अर्पण केलेली वस्तू होय.

परंतु एवढा एक नियम सांगून झाल्यावर उरलेला जवळजवळ सगळा अध्याय स्त्रीच्या शब्दासंबंधी आहे. अविवाहित मुलीचा नवस तिचा पिता आणि पत्नीचा नवस तिचा पती, ऐकल्याच्या दिवशी, रद्द करू शकतो. तो गप्प राहिला तर नवस कायम होतो. विधवेचा व परित्यक्तेचा शब्द मात्र कोणालाही रद्द करता येत नाही. ही विषमता उघड आहे आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि परिभाषा बारकाईने पाहिली तर तिच्यात एक वेगळीच कबुली दडलेली आढळते. कायम करणे आणि मोडणे यांसाठी येथे वापरलेली क्रियापदे देवाच्या कराराला लागणारीच आहेत. पोकळ शब्द मोडण्यासाठी अशा भारदस्त क्रियापदाची गरज नसते. शिवाय नवस रद्द झाल्यावर देव त्या स्त्रीला क्षमा करील, असेही म्हटले आहे. आणि पतीने मुदतीनंतर तो मोडला तर तिचा दोष त्याच्या माथी येतो. म्हणजे शब्द रद्द झाला तरी त्याचे काहीतरी शिल्लक राहते. ज्या कायद्याने स्त्रीच्या वाणीवर पहारा बसवला, त्यानेच तिच्या सामर्थ्याची नोंद करून ठेवली आहे.

हन्नाच्या कथेत या परिभाषेचा एक सूक्ष्म धागा सापडतो. मूल दूध तोडीपर्यंत आपण घरी राहू, असे ती सांगते तेव्हा तिचा पती एलकाना संमती देतो आणि देवाने ‘आपला शब्द’ कायम करावा, अशी इच्छा व्यक्त करतो. परंपरागत हिब्रू पाठात हा शब्द देवाचा आहे. पण त्याआधी देवाने असा कोणताही शब्द दिल्याचे कथेत नाही. कुमरान येथील चौथ्या गुहेत १९५२ साली सापडलेल्या शमुवेलाच्या हस्तलिखितात या ठिकाणी निराळा पाठ आहे, आणि प्राचीन ग्रीक भाषांतरही त्याच्याशी जुळते. तेथे एलकाना म्हणतो की हन्नाच्या मुखातून जे निघाले ते देव कायम करो. ‘मुखातून निघालेले’ आणि ‘कायम करणे’ हे दोन्ही प्रयोग गणनेच्या तिसाव्या अध्यायातले आहेत. हा पाठ स्वीकारला तर एलकानाचे बोलणे केवळ प्रेमळ राहत नाही. ज्याला पत्नीचा नवस मोडण्याचा अधिकार आहे असा पती येथे तो उभा करीत आहे. परंपरागत पाठात जो शब्द देवाच्या नावावर आहे, तो या पाठात एका स्त्रीचा ठरतो.

या चित्रासमोर इफ्ताहाची कथा ठेवावी. विजय मिळाल्यास घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल ते अर्पण करण्याचा नवस तो बोलतो, आणि सामोरी येते ती एकुलती एक कन्या. आपण देवापुढे तोंड उघडले, आता मागे फिरता येत नाही, असे तो म्हणतो. कन्येचा शब्द मोडण्याची मुभा कायद्याने पित्याला दिली. पित्याचा शब्द मोडण्याची मुभा कन्येला कोणी दिली नाही. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात, नवस न बोलण्यात पाप नाही, असा जो इशारा आहे, त्याचे मोल या कथेनंतर कळते.

पुढे मिश्नाकारांनी नवसांचे प्रकरण ‘स्त्रिया’ या विभागात आणि शपथांचे ‘नुकसानी’ या विभागात घातले. एक घराचा विषय झाला, दुसरा न्यायालयाचा. तालमुदाने आणखी एक भेद सांगितला : नवसाने वस्तू मनुष्याला वर्ज्य होते, शपथेने मनुष्य बांधला जातो. पंडिताकडे जाऊन पुरुषालाही नवसातून सुटका मिळवण्याची वाट त्यांनी काढली. आणि या वाटेला शास्त्रवचनाचा आधार नाही, ती अधांतरी आहे, हे मिश्नानेच मोकळेपणाने नमूद केले. इफ्ताहाला न मिळालेली दया कायद्याने अशी उशिरा कमावली.

तेव्हा मराठी भाषांतरकाराने काय करावे? ‘नवस’ टाकून द्यावा असे नाही. याकोब आणि हन्ना यांच्या तोंडी तोच शोभतो. पण गणनेच्या तिसाव्या अध्यायात ‘व्रत’ आणि ‘बंधन’ हे शब्द स्वतंत्रपणे उभे राहिले पाहिजेत, आणि शब्द ‘मोडणे’ याच्या जागी तो ‘विटाळणे’ असे म्हणण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. तसे केले तर वाणीची जी पवित्रता तो अध्याय पुरुषाच्या बाबतीत उच्चरवाने सांगतो, तीच स्त्रीच्या बाबतीत त्याने किती नाइलाजाने मान्य केली आहे, हे मराठी वाचकाला भाष्याच्या मदतीवाचून दिसेल.