खुळखुळा, टेप आणि ऑक्टापॅड

तर मंडळी, आत्ता आपण ऐकलं ते ‘तेमास्काल’. हाविएर आल्वारेझ या मेक्सिकन संगीतकाराची १९८४ची रचना. मंचावर एकच माणूस, हातात दोन माराका, म्हणजे मुठीचे खुळखुळे, समोर माईक. बाकी सगळं आधीच टेपवर भरून ठेवलेलं. खुळखुळ्यात काय एवढं ऐकायचं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसलं, म्हणून थोडं थांबू या.

वादकाला इथं सगळं बांधून दिलेलं नाही. लयीचे काही नमुने दिलेत, जुळणी त्यानं करायची. टेप मात्र कुणासाठी थांबत नाही. सुरुवातीला दाण्यांची खसखस कुठली आणि यंत्रातली कुठली, हेच उमगत नाही. रचनेचा खरा जीव तिथं आहे. शेवटी व्हेनेझुएलाच्या लोकसंगीतातली हार्प उघड होते आणि माराका आपल्या घरी पोचतात. हा शेवट टाळी घेतो, पण आम्हाला तो जरा सोपा वाटतो. इतका वेळ घातलेलं कोडं स्वतःच उत्तर सांगून मोकळं होतं.

आता आपल्याकडे या. जळगाव-धुळ्याच्या वरातीत गाडीवर ऑक्टापॅड असतो. आठ पॅड, दोन काड्या, आणि एकटा माणूस ढोलकी, ढोल, संबळ सगळं वाजवतो. कीबोर्डवर पावरी लागली की वरात पुढं सरकायचं नाव घेत नाही. हेही एकट्याचं तालवाद्य आणि इलेक्ट्रॉनिक्सच की! त्याला कुणी रचना म्हणत नाही, म्हणून त्यावर व्याख्यानं होत नाहीत, इतकंच.

आल्वारेझचा वादक टेपला धरून चालतो. आपला पॅडवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघतो. नवरदेवाचे मित्र दमले की लय उतरवतो, मामा घुसले की चढवतो. इथं आम्ही बिनदिक्कत पॅडवाल्याच्या बाजूचे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ढोलकीच्या डाव्या पुडीवर तळहात दाबत नेला की नाद वाकतो, घुमारा येतो, आणि दोन घुमारे कधी सारखे नसतात. पॅडला कळतं ते काडी किती जोरात बसली एवढंच. घुमारा आत तयार भरलेला, दर वेळी तोच. आणि एका पॅडवर चौघांची बिदागी वाचते, हा हिशेब वरातवाला आपल्याआधी करतो. ढोलकीवाला मग मांडवाबाहेर.

‘तेमास्काल’मध्ये यंत्र एवढं मोठं असूनही खुळखुळ्याचे खरे दाणे काढून टाकलेले नाहीत. आपल्या गाडीवरही पॅडशेजारी दीड हात जागा आणि ढोलकीला एक माईक, आमचं मागणं तेवढंच आहे.