‘डिफिकल्ट कॉन्व्हर्सेशन्स’ : गाईडच्या केबिनमध्ये हे पुस्तक किती चालतं?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी आमच्या सरांना एक ईमेल लिहिली आणि ती तीन आठवडे ड्राफ्टमध्येच ठेवली. पेपरवर पहिलं नाव माझं असणार, असं मी धरून चालले होते. मसुदा आला तेव्हा ते दुसरं होतं, पहिलं आमच्या सीनियरचं. त्या ईमेलमध्ये ‘अन्याय’ हा शब्द चार वेळा होता. त्याच दिवसांत एका मैत्रिणीने मला हे पुस्तक दिलं.

डग्लस स्टोन, ब्रूस पॅटन आणि शीला हीन हे तिघेही हार्वर्ड निगोशिएशन प्रोजेक्टशी जोडलेले. त्यांचं हे पुस्तक १९९९ साली आलं. मॅनेजमेंटवाल्यांचं पुस्तक म्हणून मी ते आधी बाजूला ठेवलं होतं. पण संशोधनात येणाऱ्याने ते एकदा वाचावं, आणि जरा भांडत वाचावं, असं माझं मत आहे. का ते सांगते.

पुस्तकाचा मुख्य मुद्दा सोपा आहे. अवघड बोलणं एक दिसतं, पण आत तीन बोलणी चालू असतात. पहिलं, नक्की काय घडलं. दुसरं, मला काय वाटतंय. तिसरं, यातून मी कोण ठरते. आम्ही सायन्सवाले पहिल्यातच अडकतो. पुरावे गोळा करतो, तारखा काढतो, जुने मेल शोधतो. माझ्या बाबतीत खरी आग तिसऱ्या थरात होती : ‘दुसरं नाव म्हणजे मी संशोधक नाहीच, नुसती रीडिंग घेणारी.’ हे स्वतःशी कबूल करायला मला दोन रात्री लागल्या.

पुस्तकातला सगळ्यात कामाचा प्रकार म्हणजे दोन रकाने. कागदाच्या उजवीकडे प्रत्यक्ष काय बोललं गेलं ते लिहायचं, डावीकडे त्या वेळी मनात काय होतं ते. ही पद्धत मुळात क्रिस आर्गिरिस यांच्या कामातून आली आहे. मी करून पाहिलं. उजवीकडे होतं, ‘हो सर, मसुदा बघते.’ डावीकडे अर्धं पान. मग लक्षात आलं की सरांचा हेतू काय होता ते मी त्यांना विचारलंच नव्हतं. माझ्यावर झालेल्या परिणामावरून तो ठरवून टाकला होता. लॅबमध्ये एवढ्याशा डेटावर कोणी निष्कर्ष काढला असता, तर मीच त्याला हसले असते.

तर हे पुस्तकाचं बळ. आता तक्रारी.

पहिली तक्रार ताकदीबद्दल. पुस्तकातली बरीच माणसं टेबलाच्या दोन बाजूंना जवळजवळ सारखी बसलेली वाटतात. आपल्याकडे एका बाजूला बसलेल्या माणसाची सही प्रगती अहवालावर लागते, फेलोशिपच्या कागदांवर लागते, थीसिस जमा करताना लागते, आणि पुढे शिफारसपत्रही त्याचंच. बोलणं फिसकटलं तर सरांची एक दुपार खराब होते, माझं एक वर्ष जाऊ शकतं. २०१०च्या आवृत्तीत लेखकांनी शेवटी दहा प्रश्नांची उत्तरं जोडली आहेत. सगळी सत्ता असलेल्या बॉसशी हे कसं करायचं आणि हे सगळं फार अमेरिकन नाही का, हे दोन्ही प्रश्न त्यात आहेत. म्हणजे शंका त्यांच्यापर्यंत पोचली होती. पण तिची जागा पुरवणीत आहे. माझ्या मते ती पहिल्या प्रकरणात हवी होती.

दुसरी तक्रार ‘वाटा’ या कल्पनेबद्दल. लेखक म्हणतात, दोष कोणाचा ते शोधू नका, परिस्थिती अशी व्हायला दोन्ही बाजूंचा काय वाटा होता ते पाहा. वाटा म्हणजे दोष नव्हे, हेही ते स्पष्ट सांगतात. मला याचा फायदा झाला. नावांच्या क्रमाबद्दल दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, हा माझा वाटा होताच. पण आधीच ‘मीच कमी पडतेय’ असं रोज म्हणणारा विद्यार्थी हे प्रकरण वाचून सगळा वाटा आपल्याच पदरात घेईल, ही भीती खरी आहे. शिवाय काही गोष्टी संवादाच्या नसतातच. कोणी लैंगिक त्रास देत असेल, डेटा बदलायला सांगत असेल, तर तिथे समजूतदारपणे बोलण्याची जबाबदारी तुमची नाही. पहिल्यासाठी २०१३च्या कायद्याखालची अंतर्गत समिती आहे. विद्यार्थ्यांच्या इतर तक्रारींसाठी यूजीसीच्या २०२३च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण समिती आणि लोकपाल आहेत. ही दारं कुठे आहेत ते प्रवेश घेतानाच बघून ठेवा.

तिसरी तक्रार घरची. पुस्तकातलं बोलणं बहुतेक वेळा दोघांचं असतं. आमच्या घरी कुठलंच बोलणं दोघांचं नसतं. दर दिवाळीला बाबा विचारतात, ‘अजून किती वर्षं?’ मला तो टोमणा वाटायचा आणि मी उठून आत जायचे. शेवटी आईनेच एकदा सांगितलं, ‘त्यांची रिटायरमेंट जवळ आलीय, घराचे हप्ते संपलेले नाहीत, तुला विचारायचं कसं ते त्यांना कळत नाही.’ पुस्तकाचा कल समोरासमोर बोलण्याकडे आहे. पण मधल्या माणसाने आधी वाट मोकळी करून देणं हीही आपल्याकडची एक रीत आहे, आणि ती पळवाटच असते असं नाही. आईमुळेच मी पुढच्या वेळी बसून म्हणू शकले, ‘बाबा, तुम्हाला पैशांची काळजी वाटतेय का?’ ते बराच वेळ गप्प होते. मग कागद-पेन घेऊन आम्ही हिशोब केला.

आता सरांचं काय झालं? ती ईमेल मी पाठवली नाही. वेळ मागून घेतली आणि एकच प्रश्न नेला : ‘सर, या पेपरमध्ये कोणाचं काम कसं धरलंय, ते मला समजून घ्यायचंय.’ सीनियरने मी येण्याआधी दोन वर्षं खपून सेटअप बसवला होता. ते मला ऐकून माहीत होतं, पण मी कधी मोजलंच नव्हतं. माझं नाव दुसरंच राहिलं. दोघांना समान पहिलं स्थान देता आलं असतं, असं मला आजही वाटतं, आणि तेही मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. मात्र पुढच्या पेपरचा क्रम काम सुरू होण्याआधी लेखी ठरला.

म्हणून माझा सल्ला : हे पुस्तक प्रयोगाआधीच्या तयारीसारखं वापरा, त्यातून ठरावीक निकालाची अपेक्षा ठेवू नका. दोन रकाने लिहा. हेतूबद्दलचा अंदाज प्रश्नात बदला. लेखकपदाबद्दल बोलायला क्रेडिट ही १४ भूमिकांची यादी समोर ठेवा. ‘मी जास्त काम केलं’पेक्षा ‘डेटा संकलन आणि विश्लेषण माझं’ हे वाक्य ऐकणाऱ्याला सोपं जातं. भेटीनंतर काय ठरलं ते दोन ओळींत मेल करा. आणि २०२२च्या नियमांप्रमाणे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर तुमचं सादरीकरण होतं, तिथे अडचणी नोंदवायला लाजू नका.

या तयारीत पुस्तक खूप मदत करतं. बोलण्याची किंमत तुमच्यासाठी किती आहे, हे मात्र ते सांगत नाही. तो हिशोब केबिनचं दार वाजवण्याआधी तुमचा तुम्हालाच करावा लागेल.