मापाची सायकल आणि तिचें वाङ्मय

पोलादाच्या नळ्या कापून, त्यांचीं टोकें कानशीनें घासून, पितळेनें किंवा चांदीच्या मिश्रधातूनें झाळून, एका विशिष्ट माणसाच्या अंगमापाचा सायकलीचा सांगाडा घरच्या पडवींत घडवावा, हा उद्योग इंग्लंड, इटली, अमेरिका इत्यादि देशांत आजही चालू आहे, आणि त्याच्याभोंवतीं बरेंच वाङ्मयही जमलें आहे. त्यांपैकीं दोन ग्रंथ आम्हीं शेजारींशेजारीं ठेवून वाचले. एक १८९६ चा, दुसरा २०१० चा. ज्या गोष्टीसाठीं ते उघडले ती दोहोंतही अर्धीच सांपडली. मराठींत शोधूं गेलों तेव्हां अर्धीही हातीं लागली नाहीं. ही गोष्ट कोणती, आणि ती लिहिली कां जात नाहीं, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

पहिला ग्रंथ आर्चिबाल्ड शार्प यांचा 'बायसिकल्स अँड ट्रायसिकल्स' हा होय. शार्प हे लंडनमध्यें यंत्ररचनेचे अध्यापक होते. स्टार्लीची 'रोव्हर' सायकल १८८५ त निघाली. तिला अवघीं अकरा वर्षें झालीं असतां या गृहस्थांनीं पांचशेंहून अधिक पृष्ठांचा शास्त्रीय ग्रंथ सिद्ध केला, आणि तो १९७७ त मॅसॅच्युसेट्सच्या एम्. आय्. टी. या संस्थेच्या मुद्रणालयास पुन्हा छापावासा वाटला, यांतच त्याची योग्यता दिसते. सांगाड्यावर पडणारे भार, ताण आणि दाब यांचा हिशेब शार्प धीमेपणानें मांडतात. सायकलीच्या सांगाड्याचा मागील भाग खऱ्या त्रिकोणांचा असतो. पुढील भाग त्रिकोणासारखा भासला तरी वस्तुतः चौकोन आहे, कारण चिमट्याची दांडी ज्या आंखूड नळींत फिरते ती नळी त्याची चौथी बाजू होय. त्रिकोण आपल्या आकारानेंच ताठ राहतो; चौकोनाला ताठ ठेवण्याचें काम सांध्यांना करावें लागतें. एवढें एक लक्षांत आलें म्हणजे सायकलीचा कारागीर सांध्यापाशीं इतका कां रेंगाळतो तें कळतें. परंतु शार्प यांचा ग्रंथ वाचून सांध्याचें गणित येतें, सांधा करतां येत नाहीं.

दुसरें पुस्तक रॉबर्ट पेन यांचें 'इट्स ऑल अबाउट द बाइक'. याची भाषा प्रसन्न आहे, आणि आमच्या घरांतील तरुण मंडळींनीं तें आमच्या आधीं वाचून संपविलें हें येथें नमूद करावयास हवें. आयुष्यभर पुरेल अशी एक सायकल आपल्या मापाची करवून घ्यावी, या हौसेनें लेखक निघतो. सांगाडा तो स्टोक-ऑन-ट्रेंट येथील ब्रायन रूर्क यांच्या कारखान्यांत करवितो, आणि उरलेल्या भागांसाठीं इटली, जर्मनी, अमेरिका फिरून येतो. वाटेंत १८१७ च्या द्राइसच्या लांकडी 'धांवत्या यंत्रा'पासून डनलॉपच्या हवेच्या धांवेपर्यंत सारा इतिहास तो गप्पांच्या ओघांत सांगून टाकतो. कारागिरांवर त्याचें प्रेम आहे, आणि तें खोटें नाहीं.

तथापि या पुस्तकाविषयीं आमचा मुख्य आक्षेप हा कीं, तें गिऱ्हाइकानें लिहिलेलें आहे. माप देणाऱ्याला जें दिसतें तें त्यांत सर्व आहे. माप घेणाऱ्याला जें सोसावें लागतें तें क्वचितच आहे. कारागिराचे शांत डोळे, कारखान्यांतील वास, तयार सांगाड्याची चकाकी यांवर लेखक लुब्ध होतो, आणि आपणही होतों. पण बिघडलेली नळी कोपऱ्यांत फेंकल्याचा आवाज या पुस्तकांत ऐकूं येत नाहीं. असल्या कौतुकानें कारागीर देव्हाऱ्यांत जाऊन बसतो. त्याचें ज्ञान मात्र देव्हाऱ्याबाहेर येत नाहीं.

हें ज्ञान कोणत्या प्रकारचें असतें याचें एकच उदाहरण घेऊं. एक नळी दुसरीच्या अंगावर बसवावयाची तर तिचें टोक सरळ कापून भागत नाहीं; दुसरीच्या गोलाईस मिळेल अशी खोलगट कड तिला द्यावी लागते, आणि घरच्या कारखान्यांत ही कड बहुधा हातानें, अर्धगोल कानशीनें काढतात. येथें केसभर फट राहिली तरी पुढें पितळ ती भरून काढतें आणि वरून कांहीं दिसत नाहीं. म्हणजे कामांतील सर्वांत मोठी लबाडी सर्वांत सोपी, आणि ती करणारास व न करणारास पहिल्या दिवशीं सारखीच शाबासकी! मग आंच देण्याचें काम. पितळ सुमारें ९०० अंशांवर वितळतें, चांदीचें मिश्रण सुमारें ६५० अंशांवर. पोलाद स्वतः वितळूं द्यावयाचें नसतें. टांकणखाराच्या जातीचा क्षार लावलेला सांधा तापत जातां जातां क्षार पाण्यासारखा नितळ होतो, धातु आंचेमागोमाग फटींत ओढली जाते, आणि जळती ज्योत केव्हां सरकवावी हें डोळ्यांनीं रंग पाहून ठरवावें लागतें. आंच कमी झाली तर धातु आंत शिरत नाहीं, अधिक झाली तर नळीचा कस जातो. ज्या नळ्यांची जाडी टोकांस अधिक व मध्यें कमी असते, त्यांचें पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनीं १८९७ त घेतलें. चांगल्या नळीची भिंत टोकांस ०.९ मिलिमीटर व मध्यें ०.६ मिलिमीटर असावयाची. यावरून चुकीला जागा किती हें वाचकांनीं ताडावें. हें सर्व हाताला ठाऊक असतें, आणि हातापासून कागदापर्यंत तें फारसें पोंचत नाहीं.

हातानें घडविलेला प्रत्येक सांगाडा कारखान्याच्या मालाहून सरस असतो, असें मात्र आम्हीं मुळींच म्हणत नाहीं. सामान्य उंचीच्या माणसाला कारखान्याचा सांगाडा चांगला बसतो, तो बहुधा अधिक सरळ असतो, आणि स्वस्त तर असतोच. लंडनच्या हेचिन्स या प्रसिद्ध घराण्यानें सांध्यांवरील पोलादी बाह्यांना वेलबुट्टीसारखी नक्षी कातरण्याची रीत गाजविली. बाहीची कड पातळ व निमुळती केल्यानें भार नळीवर हळूहळू उतरतो, एवढा भाग उपयोगाचा. त्यापुढील वेलबुट्टी हा अलंकार होय. अलंकाराला आमची ना नाहीं. अलंकारालाच गुण समजणाऱ्या रसिकतेला आहे, आणि ही रसिकता काव्यापेक्षां सायकलींत कांहीं कमी दिसत नाहीं.

मापाचें काम ही श्रीमंतांची चैन आहे, असा समज पेन यांच्या पुस्तकानें होण्याचा संभव आहे. आमच्या वऱ्हाडांत तो टिकणार नाहीं. वरूडच्या बाजारांत दुधाचे कॅन वाहणारी सायकल पाहावी. मूळचा सांगाडा कारखान्याचा, एकूण वजन २० किलोंच्या आसपासचें. पण मागील बैठकीला जाड सळ्या जोडलेल्या, चिमट्याला दोहों बाजूंनीं टेकू दिलेले, आणि हें सर्व गांवांतीलच वेल्डिंगवाल्यानें केलेलें. पेन यांच्या सायकलीला त्यांच्या अंगाचें माप आहे. हिला ओझ्याचें आणि रस्त्याचें आहे. विजेच्या ठिणगीचें हें काम ०.६ मिलिमीटरच्या नळीला भोंक पाडील हें खरें, परंतु जाड नळीला तें योग्य आहे, आणि तें योग्य आहे हें त्या कारागिराला पुस्तकावांचून कळलेलें आहे.

हें मराठींत कोठें लिहिलें आहे? त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' (१९१५) आम्हांस अतिशय मान्य आहे. लोहारसुतारांचें गांवाशीं नातें, त्यांचें बलुतें, त्यांबद्दलच्या तक्रारी त्यांत आहेत. पण गाड्याचें चाक सुतार कसें जुळवितो तें समजून घ्यावयास त्या ग्रंथाकडे जाऊन चालत नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ त बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें, पुढें लोखंडी नांगर केला, १९१० त किर्लोस्करवाडी वसविली. ही कथा मराठी घरांत पाठ आहे, परंतु उद्योगाची कथा म्हणून, कामाची म्हणून नव्हे. भांडवल, चिकाटी, यश एवढें आम्ही सांगतों आणि ऐकतों. याला कारण आमची विभागणी. आमच्या वर्गाच्या हातांत लेखणी आली ती कानस खालीं ठेवून, किंबहुना ती कधींच न उचलतां. आणि ज्याच्या हातांत कानस आहे त्याला लिहावयास कोणी सांगितलें नाहीं. आमच्या महाविद्यालयांत येणारा कारागिराचा मुलगा 'ब्रेझिंग'ची व्याख्या इंग्रजींत पाठ म्हणतो. तीच क्रिया घरीं बाप 'झाळणें' म्हणून करीत आला आहे, आणि दोन्ही एकच असें त्या मुलाला वर्गांत कोणी सांगत नाहीं.

नवें काम आपल्याकडे होत नाहीं असेंही नाहीं. पुण्यांत हवाई दलांतील एका अधिकाऱ्यानें 'बांबूची' या नांवानें बांबूच्या सायकली घडविल्या, आणि बांबू तर आमच्या मेळघाटांतच आहे. अशा माणसांपैकीं कोणीं मराठींत पुस्तक लिहिलें, तर त्याचें पहिलें प्रकरण सायकलीच्या इतिहासाचें नसावें. तें नळीच्या त्या खोलगट कडेचें असावें: कानस कोणती घ्यावी, नळी पकडींत चेपूं नये म्हणून तिच्याभोंवतीं लांकडाचे कसे ठोकळे धरावे, उजेडासमोर धरून फट कशी पाहावी, आणि पहिल्या किती नळ्या वायां गेल्या.