शार्क दिसला नाही म्हणजे तो नाहीच का?

आज एक गाजलेला पेपर तपासून बघू. विषय आपल्या बीडपासून लई लांबचा आहे: प्रवाळ खडकांवरचे शार्क. पण पेट पास होऊन आता आरआरसीसाठी आराखडा लिहीत असाल, तर विषय कोणताही असो, हा पेपर तुमच्या कामाचा आहे.

लक्षद्वीप, अंदमान, मालदीवला जाऊन आलेली माणसं स्नॉर्केलिंगचे व्हिडिओ टाकतात. तोंडात नळी, खाली निळं पाणी आणि बाजूने सरकत जाणारा रीफ शार्क. वर लिहिलेलं असतं, 'इथं शार्क भरपूर आहेत.' हा पुरावा धरायचा का? एक तर गाईड माणसांना शार्क हमखास दिसतो अशाच जागी नेतो. दुसरं म्हणजे एकच शार्क चार घिरट्या घालून गेला, तर मोजायचे किती, एक की चार?

जुलै २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या आरोन मॅकनील आणि सहकाऱ्यांच्या पेपरने हे दोन्ही प्रश्न नीट हाताळले. ५८ देशांतले ३७१ प्रवाळ खडक निवडले. १५ हजारांहून जास्त वेळा पाण्याखाली कॅमेरे सोडले, समोर आमिष ठेवलं आणि पद्धत सगळीकडे सारखी ठेवली. मोजताना नियम असा की, एकाच फ्रेममध्ये जास्तीत जास्त जितके शार्क दिसले, तोच आकडा धरायचा. याला मॅक्स-एन म्हणतात. घिरट्या चार असल्या तरी उत्तर एकच.

नसेल समजलं, तर पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य डोळ्यासमोर आणा. उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसून तुम्ही मोर मोजताय. तोच मोर सकाळी येतो, दुपारीही येतो. एका वेळी जास्तीत जास्त सात दिसले, तर निदान सात आहेत हे पक्कं. एकूण किती, ते मात्र कळत नाही. तीस मोर पाळीपाळीने आले तरी तुमच्या वहीत सातच राहतील. म्हणून हा पेपर 'एकूण संख्या' म्हणत नाही, 'सापेक्ष विपुलता' म्हणतो. हा शब्द त्यांनी जपून वापरलाय. तो वाचताना गाळू नका.

आता माझे आक्षेप. पेपर म्हणतो, जवळपास २० टक्के खडकांवर एकही शार्क दिसला नाही. बातम्यांमध्ये याचं थेट 'नामशेष' झालं. गणित करून बघा. एका खडकावर सरासरी ४० कॅमेरे पडतात. समजा, दर दहापैकी एका कॅमेऱ्यात शार्क यावा इतके शार्क तिथे आहेत. मग चाळीसही कॅमेरे रिकामे जाण्याची शक्यता ०.९ चा ४० वा घात, म्हणजे दीड टक्का. पण वीसपैकी एकात यावा इतकेच असतील, तर ती १३ टक्के होते. म्हणजे रिकामा व्हिडिओ 'भरपूर नाहीत' हे ठामपणे सांगतो. 'थोडे आहेत' आणि 'अजिबात नाहीत' यातला फरक तो सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. जिथे शार्क अभयारण्य आहे, गिलनेट आणि लाँगलाइन नाहीत, तिथे शार्क जास्त आढळले. पेपरमधला शब्द 'संबंधित' असा आहे, 'त्यामुळे' असा नाही. पालाऊने २००९ मध्ये शार्क अभयारण्य जाहीर केलं. तिथे शार्क बघायला पर्यटक आधीपासून येत होते. मग अभयारण्यामुळे शार्क वाढले, की शार्क होते म्हणून अभयारण्य झालं? एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून हे सुटत नाही. आधीची आणि नंतरची मोजणी लागते. हा शब्दांचा कीस नाही. उद्या याच निष्कर्षावर कुठे गिलनेट बंद झाली, तर त्याची किंमत तिथला छोटा मच्छीमार मोजणार आहे. बंदी कदाचित योग्यही असेल, पण तिचा आधार तितका पक्का हवा.

याच प्रकल्पाचा २०२३ चा 'सायन्स'मधला पेपर पाच प्रजातींमध्ये ६० ते ७३ टक्के घट सांगतो. तीही जुन्या मोजणीशी केलेली तुलना नाही. माणसाचा दाब नसता तर किती असते, या मॉडेलच्या अंदाजाशी आहे.

तरीही मी हा पेपर चांगलाच म्हणेन. पद्धत इतकी उघडपणे मांडलीय की आपल्याला आक्षेप घेता येतात, आणि लेखकांचे शब्द त्यांच्या आकड्यांच्या पुढे पळत नाहीत. बातमी वाचून मत बनवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

तुमच्या आराखड्यात 'आढळले नाही' असं जिथे लिहाल, तिथे लगेच खाली दोन ओळी जोडा: किती वेळा शोधलं, आणि असतं तर सापडण्याची शक्यता किती होती. समिती पहिला प्रश्न बहुतेक यावरच विचारेल.